क्लाइनगेल्ट, चिल्लर आणि कसाचा दगड



संशोधनाचा प्रश्न कसा निवडायचा, पेपर कसा वाचायचा यावर आपण आधी बोललो आहोत. आज त्याच्या पुढची पायरी. एखादी गोष्ट आपल्याला एकदम पटते, तेव्हा ती सिद्ध झालेली असते का? नेट, सेट, पेटच्या अभ्यासात हा प्रश्न कुणी विचारत नाही. पीएचडीला आल्यावर मात्र तो रोज समोर येतो. मला तो दोनदा विचारला गेला, एकाच वर्षात. एकदा जर्मनच्या वर्गात आणि एकदा प्रयोगशाळेत. दोन्ही वेळा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उदाहरण रसायनशास्त्रातलं घेतलं असतं, पण मग इतर विषयांची मंडळी पहिल्या परिच्छेदातच पळून जातील. म्हणून एक शब्द घेते. जर्मन भाषेत सुट्या पैशांना ‘क्लाइनगेल्ट’ म्हणतात. या एका शब्दावर पुराव्याची सगळी पद्धत शिकता येते. आणि हो, शेवटी आपण विट्याच्या बाजारात येणार आहोत.

माझी चूक

जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत काही महिने काम करायची संधी मिळेल असं दिसत होतं, म्हणून मी जर्मन शिकायला लागले. ‘खरेदी’ या धड्यात दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो, सुटे आहेत का? तिथे हा शब्द आला. ‘क्लाइन’ म्हणजे लहान, ‘गेल्ट’ म्हणजे पैसा. दोन्ही मिळून लहान पैसा. लिहिताना ‘गेल्ट’चं शेवटचं अक्षर ‘ड’चं असतं, बोलताना मात्र ‘ट’ येतो.

मी वहीच्या समासात लगेच लिहिलं: गेल्ड म्हणजेच गोल्ड. पूर्वी पैसा सोन्याचा असायचा, म्हणून.

मला हे इतकं चटकन पटायला कारण होतं. मी विट्याची. खानापूर-आटपाडी हा पट्टा दुष्काळी. शेतीवर भागत नाही म्हणून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात गेली. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. देशातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या सराफ बाजारात आमच्या भागातला कुणी ना कुणी भट्टी लावून बसलेला सापडतो. माझे मोठे चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कोइमतूरला होते. सोनं म्हणजे पैसा हे आमच्या घरात वेगळं शिकवावं लागत नाही.

वर्गात मी ही व्युत्पत्ती ऐटीत सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. शिक्षिका फक्त एवढंच म्हणाल्या, “छान आहे. पण कशावरून?”

मी म्हटलं, “दोन्ही शब्द सारखेच आहेत की.”

त्या म्हणाल्या, “सारखे आहेत हे तुमचं निरीक्षण झालं. पुरावा कुठाय?”

आधी समास सोडवू

जर्मन लोक शब्दाला शब्द जोडून लांबलचक समास करतात, असं आपण ऐकलेलं असतं आणि त्याची धास्तीही घेतलेली असते. पण आपल्याला समास नवे नाहीत. ‘क्लाइनगेल्ट’ हा आपल्या व्याकरणातला साधा कर्मधारय: पहिलं पद विशेषण, दुसरं नाम. नीलकमल, महादेव, तसाच. शब्दाचं लिंगही शेवटच्या पदावरून ठरतं. ‘गेल्ट’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘क्लाइनगेल्ट’ नपुंसकलिंगी.

याचा एक जवळचा शब्द आहे ‘वेक्सलगेल्ट’. ‘वेक्सल’ म्हणजे बदल. शंभरची नोट दिली, साठची भाजी घेतली, तर परत येणारे चाळीस रुपये म्हणजे ‘वेक्सलगेल्ट’, मग त्या दहाच्या चार नोटा का असेनात. ‘क्लाइनगेल्ट’ म्हणजे खिशातली नाणी, ती परत मिळालेली असोत किंवा घरून आणलेली. आपणही उरलेले पैसे आणि चिल्लर यांत फरक करतोच.

समास सुटला. आता प्रत्येक पदाचं मूळ शोधायचं. इथून खरी गंमत आहे.

शब्दांचे नियम असतात

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करू. भाषेतले ध्वनी काळानुसार बदलतात, पण मनाला येईल तसे बदलत नाहीत. संस्कृत ‘हस्त’चा मराठीत ‘हात’ झाला. ‘सप्त’चा ‘सात’, ‘दुग्ध’चं ‘दूध’, ‘अष्ट’चा ‘आठ’. बघा, प्रत्येक वेळी जोडाक्षर सुटं झालं आणि आधीचा स्वर लांबला. हा बदल एका शब्दापुरता नाही, शब्दांच्या रांगाच्या रांगा तसंच वागतात. याला ध्वनिनियम म्हणायचं.

इंग्रजी आणि जर्मन या बहिणी-बहिणी. त्यांच्यातही असे नियम आहेत. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये आपल्या जर्मन व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत ते पद्धतशीर मांडले. हे तेच ग्रिम, ज्यांनी भावाबरोबर परीकथा गोळा केल्या. आपल्या कामापुरते दोन नियम पुरेत.

पहिला: इंग्रजीत जिथे ‘ड’ आहे, तिथे जर्मनमध्ये ‘ट’ येतो. डे–टाग (दिवस), डीप–टीफ (खोल), कोल्ड–काल्ट (थंड), होल्ड–हाल्टन (धरणे).

दुसरा: इंग्रजीत जिथे ‘थ’ किंवा ‘द’सारखा दातांत जीभ धरून केलेला उच्चार आहे, तिथे जर्मनमध्ये ‘ड’ येतो. थिंग–डिंग (वस्तू), थ्री–ड्राय (तीन), थँक–डांक (आभार).

हे दोन नियम हातात ठेवा. आता आपल्याकडे कसाचा दगड आला.

गेल्ट आणि गोल्ड: कसाला लावू

जर्मनमध्ये सोन्यालाही ‘गोल्ड’च लिहितात. इंग्रजी ‘गोल्ड’, जर्मन ‘गोल्ड’. दोन्हीकडे ‘ड’. पण पहिल्या नियमाने जर्मनमध्ये ‘गोल्ट’ असं लिहिलेलं दिसायला हवं होतं, कोल्ड–काल्टसारखं. मग नियम मोडला का?

नाही. अशाच वागणाऱ्या शब्दांचा आणखी एक गट आहे: फील्ड–फेल्ड (शेत), वाइल्ड–विल्ड (रानटी). दोन्हीकडे ‘ड’. या गटात मूळचा ध्वनी ‘थ’ होता. जर्मनमध्ये तो दुसऱ्या नियमाने ‘ड’ झाला. इंग्रजीत ‘ल’च्या शेजारी आल्यामुळे त्याचाही ‘ड’च झाला. म्हणून आज दोन्ही सारखे दिसतात.

हे नुसतं सोयीचं स्पष्टीकरण तर नाही ना? अशी शंका तुम्हाला यायलाच हवी. पुरावा तिसऱ्या बहिणीकडे आहे. गॉथिक नावाची एक भाषा होती, आज ती कुणी बोलत नाही. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने तिच्यात बायबलचं भाषांतर केलं. त्याची सर्वांत प्रसिद्ध हस्तलिखित प्रत स्वीडनमध्ये उप्साला इथे आहे, आणि ती चांदीच्या व सोन्याच्या शाईने लिहिलेली आहे. गॉथिकमध्ये सोन्याला म्हणतात ‘गुल्थ’. शेवटी स्पष्ट ‘थ’.

आणि कराला, म्हणजे सरकारला भरायच्या पैशाला? ‘गिल्ड’. शेवटी ‘ड’.

दोन शब्द, दोन वेगळे ध्वनी, दीड हजार वर्षांपूर्वीच वेगळे.

आता जुन्या जर्मनकडे या. तिथे सोनं ‘गोल्ड’ असं ‘ड’ने लिहिलेलं आहे आणि पैसा ‘गेल्ट’ असा ‘ट’ने. नियम सांगतो अगदी तसंच. पुढे ‘गेल्ट’ शब्द ‘ड’ने लिहायची पद्धत पडली आणि दोन शब्द कागदावर जुळे भाऊ दिसायला लागले. पण ज्या क्रियापदाशी त्याचं नातं आहे ते ‘गेल्टन’, म्हणजे किंमत असणे, लागू असणे, आजही ‘ट’नेच लिहितात. त्याचा इंग्रजी भाऊ कोण? ‘यील्ड’. जर्मन ‘ग’च्या जागी इंग्रजीत ‘य’ येणं हेही नियमाने होतं: गेस्टर्न–यस्टरडे, गेल्ब–येलो. आणि शेवटचं ‘ट’–‘ड’ तर होल्ड–हाल्टनसारखंच.

म्हणजे ‘गेल्ट’चा मूळ अर्थ सोनं नाहीच. मूळ अर्थ देणं, फेड, भरपाई. पैसा ही वस्तू व्हायच्या आधी ते एक कर्तव्य होतं: ज्याचं देणं लागतो, त्याला द्यायचं. जर्मनमध्ये सूड घेणे, परतफेड करणे याला ‘फेरगेल्टुंग’ म्हणतात, त्यात हाच धातू आहे. आपण म्हणतो ना, ‘पांग फेडले’, ‘उपकाराची फेड केली’? त्या गोत्रातला हा शब्द.

मग ‘गोल्ड’चे भाऊबंद कोण? इंग्रजी ‘येलो’, जर्मन ‘गेल्ब’, म्हणजे पिवळा. संस्कृतमध्ये ‘हरि’ म्हणजे पिवळसर आणि ‘हिरण्य’ म्हणजे सोनं. त्याच ‘हरि’वरून ‘हरिद्रा’, आणि हरिद्रेवरून आपली हळद. सांगलीच्या मार्केट यार्डात पोत्यांनी जी विकली जाते ती. दिसायला ‘गोल्ड’ आणि ‘हळद’ यांच्यात काही साम्य आहे का? काहीच नाही. पण नातं खरं आहे. ‘गोल्ड’ आणि ‘गेल्ड’ अगदी सारखे दिसतात, आणि नातं नाही.

हे वाक्य वहीत लिहून ठेवा: दिसण्यातलं साम्य हा प्रश्न विचारायला पुरेसा आहे, उत्तर द्यायला नाही.

क्लाइन: उलटा धक्का

पहिल्या पदात उलटं झालं. ‘क्लाइन’ म्हणजे लहान. इंग्रजीत याचा भाऊ शोधायला सांगितला तर आपण ‘स्मॉल’ किंवा ‘लिटल’ म्हणू. खरा भाऊ आहे ‘क्लीन’, म्हणजे स्वच्छ.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे ओढूनताणून आणलेलं वाटलं. स्वच्छ आणि लहान यांचा काय संबंध? पण एकदा तोंडावर पडल्यामुळे मी आधी कसाला लावलं. ध्वनी जुळतात का? डील–टाइल (वाटा), हील–हाइलन (बरं करणे), क्लीन–क्लाइन. इंग्रजीत ‘ई’, तिथे जर्मनमध्ये ‘आइ’. जुळतात.

आता अर्थ. जुन्या जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ होता चमकदार, नीटस, नाजूक. चमकदार ते नीटस, नीटस ते बारीक कलाकुसरीचं, बारीक ते लहान, असा तो सरकत गेला. मधल्या पायरीचा पुरावा आजच्या भाषेतच उरला आहे. ‘क्लाइनोट’ म्हणजे दागिना, मौल्यवान वस्तू. शब्दशः ‘लहान वस्तू’ म्हटलं तर त्याला अर्थ नाही. ‘बारीक, नाजूक घडणावळीची वस्तू’ म्हटलं की लगेच कळतं. आपल्याकडेही ‘बारीक’ शब्द असाच दोन्हीकडे चालतो. बारीक काम म्हणजे कसबी काम, आणि बारीक पोरगं म्हणजे लहान पोरगं.

मग जुन्या जर्मनमध्ये ‘लहान’ला काय म्हणायचे? ‘लुत्सिल’, म्हणजे इंग्रजी ‘लिटल’चा भाऊ. ‘क्लाइन’ने हळूहळू त्याची जागा घेतली. पण गावांची नावं सहसा बदलत नाहीत. लक्झेंबर्ग या देशाच्या नावाचं ९६३ सालातलं रूप ‘लुसिलिनबुर्हुक’ असं आहे, अर्थ ‘छोटा किल्ला’. भाषेतून गेलेला शब्द नकाशावर राहिला.

इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. आता कुणी म्हणेल, “म्हणजे क्लाइनगेल्टचा खरा अर्थ ‘स्वच्छ फेड’!” नाही. हा समास झाला तोवर ‘क्लाइन’ म्हणजे लहान आणि ‘गेल्ट’ म्हणजे पैसा हे अर्थ स्थिरावले होते. शब्द कुठून आला आणि आज त्याचा अर्थ काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आज जर्मन माणूस कुणाबद्दल ‘त्याच्याकडे लागणारं क्लाइनगेल्ट आहे’ असं म्हणतो, तेव्हा त्याला चिल्लर म्हणायचंच नसतं. तो थट्टेने सांगतो की त्या माणसाकडे भरपूर पैसा आहे.

आता आपल्या खिशात काय आहे ते बघू

विट्याच्या बाजारात पाचशेची नोट पुढे केली की कानावर काय काय येतं? ‘सुटे द्या.’ ‘मोड न्हाई.’ ‘चिल्लर हाय का?’ आणि एखादे म्हातारे गृहस्थ म्हणतात, ‘खुर्दा न्हाई का?’ एकाच गोष्टीला चार शब्द, आणि ते निदान तीन दिशांनी आलेत.

‘खुर्दा’ फारसीतला. ‘खुर्द’ म्हणजे लहान. तुम्ही हा शब्द रोज पाटीवर वाचता: आंबेगाव खुर्द, आंबेगाव बुद्रुक. ‘बुद्रुक’ म्हणजे फारसी ‘बुजुर्ग’, मोठा. हिंदीतला ‘खुदरा’ व्यापार त्याच कुळातला, आणि उर्दूत सूक्ष्मदर्शकाला ‘खुर्दबीन’ म्हणतात, म्हणजे बारीक बघणारं यंत्र. विज्ञानवाल्यांनो, हा शब्द लक्षात ठेवा. बघा, ‘क्लाइन’ आणि ‘खुर्द’, जर्मन आणि फारसी, दोघांनीही सुट्या पैशांसाठी ‘लहान’ हीच कल्पना वापरली.

‘मोड’ आपला घरचा. नोट मोडायची, तिचे तुकडे हातात येतात, ती मोड. जर्मन माणूस नोट मोडत नाही, तो ती ‘लहान करून’ मागतो. तिथे पुन्हा ‘क्लाइन’ येतो. पण मटकीला आलेले मोड म्हणजे हेच का? रूप एक आहे म्हणून लगेच हो म्हणू नका. आता तुम्हाला माहीत आहे, आधी कसाला लावायचं.

राहिला ‘चिल्लर’. माझ्या ओळखीत एकाने सांगितलं होतं की हिंदीत ‘चीलर’ म्हणजे ऊ, तिच्याएवढी बारीक नाणी, म्हणून चिल्लर. ऐकायला मस्त. पण हे ‘गेल्ड-गोल्ड’च झालं.

आबा गावी आले की बोलता बोलता तमिळ शब्द टाकतात. एकदा ते कोइमतूरच्या बसमधला किस्सा सांगत होते. तिकीट काढताना कंडक्टर ओरडला, ‘चिल्लरै!’ नवीन होते तेव्हा आबांना वाटलं, हा मराठीत कसा बोलतोय? कंडक्टर मराठीत बोलत नव्हता. आपणच दक्षिणेतला शब्द बोलतो.

हे कशावरून? तीन गोष्टी बघा. एक, शब्दाचा पसारा. तमिळमध्ये चिल्लरै, मल्याळममध्ये चिल्लर, तेलुगूत चिल्लर, कन्नडमध्ये चिल्लरे. चारही द्राविडी भाषांत हा शब्द आहे. दोन, अर्थाचा पसारा. तिथे तो फक्त नाण्यांपुरता नाही. कन्नडमध्ये किरकोळ विक्रीच्या दुकानाला ‘चिल्लरे अंगडी’ म्हणतात, तमिळमध्ये किरकोळ व्यापारालाही हाच शब्द. तीन, घरातली माणसं. तमिळमध्ये ‘सिल’ म्हणजे काही, थोडे. या शब्दाला तिथे जवळचे नातेवाईक आहेत. मराठीत ‘चिल्लर’चं असं क्रियापद किंवा धातू नाही. ‘मोड’ला ‘मोडणे’ आहे, ‘सुटे’ला ‘सुटणे’ आहे, ‘चिल्लर’ एकटीच आहे. ज्या गावात एखाद्याचं सगळं गणगोत आहे ते त्याचं गाव. जिथे तो एकटा दिसतो तिथे तो बहुतेक पाहुणा.

हे पुरावे एकेकटे कच्चे आहेत. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून निष्कर्ष मजबूत होतो. तुमच्या प्रबंधातही असंच करायचं असतं.

प्रयोगशाळेतला ‘कशावरून?’

आता दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाकडे येते. हे लिहायला थोडी लाज वाटते, पण तुमच्या उपयोगाचं आहे.

मी चांदीच्या नॅनोकणांवर सोन्याचा थर चढवायचा प्रयत्न करत होते. नमुना तयार झाला, एक्स-रे डिफ्रॅक्शन करून घेतलं. आलेखात ३८ अंशांच्या थोडं पुढे मुख्य शिखर दिसलं. तक्त्यात पाहिलं, सोन्याचं मुख्य शिखर ३८.२ अंशांच्या आसपास. झालं! मी मसुद्यात लिहिलं, ‘सोन्याचा थर तयार झाल्याचे सिद्ध होते.’ गाइडना पाठवलं.

उत्तर एका ओळीचं आलं: “चांदी नाही, हे कशावरून?”

मी तक्ता पुन्हा उघडला. चांदीचं मुख्य शिखर ३८.१ अंशांवर. दोन्ही धातूंची स्फटिकरचना एकाच प्रकारची, अणूंमधली अंतरंही जवळजवळ सारखी: सोन्याची घनाची बाजू ४.०७८ अँगस्ट्रॉम, चांदीची ४.०८६. नॅनोकणांची शिखरं रुंद असतात, त्यात हा फरक दिसतच नाही. मी जी परीक्षा लावली होती तीत सोनं आणि चांदी सारखीच वागतात. ती परीक्षा मला काहीही सांगत नव्हती. मी मात्र तिच्याकडून हवं ते ऐकून घेतलं होतं.

मग रंगपट घेतला. सोन्याचे नॅनोकण साधारण ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, चांदीचे ४०० च्या आसपास. माझ्या नमुन्याचं शिखर ४०० जवळ होतं. म्हणजे सोनं चढलंच नव्हतं, किंवा चढलं असलं तरी नगण्य. तीन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. मसुदा छापायला गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार अजूनही रात्री येतो.

दिवाळीत गावी गेले तेव्हा आबांना हे सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “आगं, रंग बघून कोण सोनं घेतं व्हय? पितळ बी पिवळंच असतंय. कसाला लावल्याबिगर बोलायचंच न्हाई.”

मग त्यांनी कसाचा काळा दगड दाखवला. सोनं घासलं की रेघ उमटते, पितळ घासलं तरी उमटते, दोन्ही पिवळ्या. त्यावर तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, टाकलं की पितळेची रेघ विरघळून जाते, सोन्याची राहते. सोनं-चांदी वेगळी करायलाही तेच: चांदी तेजाबात विरघळते, सोनं नाही. लोकांनी विकलेल्या जुन्या दागिन्यांना सराफ बाजारात ‘मोड’च म्हणतात. ती मोड वितळवताना गलाईवाला एकाच गोष्टीवर जगतो: सारख्या दिसणाऱ्या दोन धातूंना वेगळं वागायला लावणारी परीक्षा त्याला माहीत असते. ‘कसोटी’ हा शब्दही या दगडाचाच. आपण तो परीक्षेसाठी वापरतो, क्रिकेटच्या सामन्यासाठी वापरतो आणि दगड विसरतो.

माझी पीएचडी सोन्यावर, आणि हे मला घरीच मिळत होतं!

तुम्ही काय करायचं

एखादी कल्पना पटली की लगेच तिच्या बाजूचे पुरावे गोळा करायला धावू नका. ते मिळतातच. गेल्ड-गोल्डलाही मिळाले होते: सारखा उच्चार, सारखं लेखन, सोन्याच्या नाण्यांचा इतिहास. त्याऐवजी एक प्रश्न विचारा: माझी कल्पना चुकीची असेल तर काय वेगळं दिसेल? आणि मग नेमकं तेच तपासा. शब्दांच्या बाबतीत ती परीक्षा ध्वनिनियमांची, माझ्या नमुन्यात रंगपटाची, आबांकडे तेजाबाची. तुमच्या विषयात कुठली, हे संशोधन प्रस्ताव लिहायच्या आधी शोधून ठेवा. प्रस्तावाच्या मुलाखतीत हाच प्रश्न फिरवून विचारतात.

सराव करायचा असेल तर साधनं आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ चा, मोठ्या ग्रंथालयात मिळेल. द्राविडी शब्दांसाठी बरो आणि एमेनो यांचा कोश आहे.

आणि एक शब्द घरी करायला देते: ‘दमडी’. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ यातली. ‘दमडी’ आणि ‘चमडी’ इतके सारखे वाजतात की पूर्वी चामड्याची नाणी होती म्हणून दमडी, असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. ‘चमडी’चं मूळ ‘चर्म’मध्ये, ते सोपं आहे. ‘दमडी’साठी आधी ‘दाम’कडे जा, मग संस्कृत ‘द्रम्म’कडे, आणि तिथून पश्चिमेला ग्रीकांच्या ‘द्राख्मे’ या नाण्यापर्यंत. वाटेतली प्रत्येक पायरी वहीत लिहा आणि प्रत्येकीपुढे कंसात एकच शब्द लिहा: कशावरून?

जर्मनच्या वहीत माझी ती समासातली ओळ अजून आहे. मी ती खोडलेली नाही. तिच्यापुढे फक्त एक प्रश्नचिन्ह काढलंय.